मे महिन्यातला नाताळ

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला चाललेय म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या बायकांनी माझा ताप बघायचाच काय तो बाकी ठेवला. त्यात मी म्हटलं, "नाताळाला चाललेय." मग काय विचारता! खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर माझ्या मुलाला मस्कतला फोन लावू का, असंही विचारलं. मी म्हटलं, लावा खुशाल. उचलला तर मलाही सांगा. तीन वर्षं झाली, साहेबांना सुट्टी मिळत नाही. त्याच्या खोलीचं दार मी बंदच ठेवते, उगाच धूळ जाते आत.

तर बेत असा होता. माझी मैत्रीण सुशीला आणि मी नाशिकच्या दवाखान्यात एकत्र परिचारिका होतो. निवृत्त झाल्यावर ती तिच्या माहेरच्या वाडीला राहायला गेली. वाडी हर्सूलच्या पुढं, फुलंब्रीच्या रस्त्यावरून आत. आमच्यासारखीच ख्रिस्ती वस्ती, पण निम्मं गाव दिवाळी झाली की ऊस तोडायला बाहेर पडतं, पार कर्नाटकापर्यंत, आणि परततं ते उन्हाळ्यात. डिसेंबरात गावात म्हातारी माणसं आणि कुलपं एवढंच उरतं. मग कधीकाळी तिथल्या जुन्या लोकांनी ठरवून टाकलं की पंचवीस तारखेला फक्त प्रार्थना करायची आणि खरा नाताळ सगळी परत आल्यावर. सुशीला दरवर्षी बोलवायची. म्हटलं, जाऊ या. पायांचं काही खरं नाही आता.

नाशिकहून सकाळची एसटी पकडली. येवल्यापर्यंत गार वारा, वैजापूरनंतर भट्टी. स्टँडवर उतरले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. रफीकभाई नावाचा रिक्षावाला पुढं आला. पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. वाडीचं नाव सांगितलं तर म्हणाला, "खाला (मावशी), पहले कुछ खा लो. उधर पहुंचते तक जान निकल जाती."

त्यानं मला शहागंजाच्या बाजूला एका हॉटेलात नेलं आणि नान-खलिया (मसालेदार मटणाचा रस्सा आणि हळदीचा हात लावलेली खमंग रोटी) मागवलं. उन्हात असलं खाऊ नये, हे मी आयुष्यभर रुग्णांना सांगत आले. दोन वाट्या ओरपल्या. घामानं पदर भिजला, पण बरं वाटलं.

"किसके यहां शादी है?" त्यानं विचारलं.

"शादी नाही हो, नाताळ आहे."

त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा उन्हाकडं बघितलं. "खाला, गर्मी चढ गई क्या?"

मग सगळी हकीकत सांगावी लागली. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "सही करते. घरवाले नहीं तो कायकी ईद." हर्सूलचा तलाव मागं पडला, जेलची लांबच लांब भिंत मागं पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं सुरू झाली. उतरताना त्यानं मला नंबर दिला. "कुछ भी लगा तो फोन करना, टेंशन नक्को लेना."

वाडीची गल्ली मात्र झकास गजबजलेली होती. अंगणाअंगणांत गोधड्या वाळत घातलेल्या, आंब्याच्या अढ्या लागलेल्या, परत आलेल्या बाया एकमेकींच्या अंगणात बसून हसत होत्या. सगळी दारं सताड उघडी. फक्त सुशीलाच्या शेजारच्या एका दाराला कुलूप होतं आणि त्याच्यावर खिळ्याला कागदाची एक चांदणी लटकत होती, आपण नाताळात लावतो ना, तसली. उन्हानं तिचा लाल रंग पार उडाला होता, दोन टोकांचा कागद फाटून नुसत्या कामट्या दिसत होत्या. मला असला आळस अजिबात खपत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये होळीपर्यंत आकाशकंदील लटकवणारी माणसं आहेत, त्यांच्याशी माझी भांडणं झालेली आहेत. पण पाहुणी होते, गप्प बसले.

संध्याकाळी अंगणात समोरच्या मार्थाबाई येऊन बसल्या. सत्तरीच्या आसपास, सांधेदुखीनं बोटं वाकडी झालेली, बोलणं मात्र एकदम मऊ. सुशीलानं ओळख करून दिली आणि मला हळूच सांगितलं, ते कुलूप लागलेलं घर यांच्या मुलाचं, शमुवेलचं. तो, त्याची बायको एस्तेर आणि लहान मुलगी, तिघंही ऊसतोडीला गेलेली. त्यांच्या टोळीतले बाकीचे कोयते (इकडे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला कोयता म्हणतात) केव्हाच आले. शमुवेलचा कोयता आला नाही. फोन बंद. मुकादम म्हणतो, आमच्या आधीच निघाला.

"परवा रविवारी पाळकसाहेब येनार," मार्थाबाई म्हणाल्या. "पंच म्हनत्यात, आता किती थांबायचं, मंडळीला पेरनीची तयारी करायचीय. त्यांचं बी बरोबर हाय. पर माझं पोरगं नसताना नाताळ कसा वं करायचा?"

काहीतरी धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "देव आहे ना त्याच्याबरोबर."

"तर वं!" त्या पटकन म्हणाल्या. "हाय म्हंजी, मीच धाडते की. दर दिवाळीला पोरं निघाली की देवाला सांगते, तू जा त्यांच्यासंगं, मी हितं बगते."

मला हसू आलं. देवाला असं कामाला धाडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. पण त्या हसत नव्हत्या. बोलता बोलता त्यांची नजर सारखी त्या कुलपाकडं जात होती. आल्या तशा अंधार पडायच्या आत उठून गेल्या.

आता दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय घोळ घातला तो ऐका.

टँकर आला म्हणून सुशीला घागरी घेऊन गेली. मी म्हटलं, तेवढ्यात चहा करून ठेवू. तर पातेलं चढवलं आणि गॅस संपला. परसात तीन दगडांची चूल होती, लाकडं होती, पण पेटवायला बारीक काही नाही. मी इकडंतिकडं बघितलं. शेजारच्या दारावर ती चांदणी. वाळून कोळ झालेला कागद, वाळलेल्या कामट्या. म्हटलं, दोन्ही कामं होतील. काढली, मोडली, चुलीत सारली. भुर्रकन पेटली. चहा तर असा फक्कड झाला की विचारू नका.

कप हातात घेऊन ओट्यावर बसले होते, तेवढ्यात मार्थाबाई तांब्यात दूध घेऊन आल्या. दाराकडं बघितलं आणि थांबल्या. तांब्या हळूच खाली ठेवला. मग कुलपाशी गेल्या, रिकाम्या खिळ्यावर बोट ठेवलं आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसल्या.

"कोन आलं व्हतं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "कुनी सांगावा आनला?"

मला काहीच कळेना. "सांगावा कसला? कुणी नाही आलं हो. ते जुनं झालेलं, फाटलेलं होतं, म्हणून मी काढलं."

पाठीमागून सुशीला घागर घेऊन आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! काय केलंस हे?"

मग मला कळलं. डिसेंबरात मागं राहिलेली माणसं बाहेर गेलेल्यांच्या प्रत्येक बंद दारावर चांदणी लावतात. ती तशीच लटकत राहते, थंडी सरते, ऊन येतं. घरचं माणूस परत आलं की त्यानंच आपल्या हातानं ती काढायची, मगच कुलूप उघडायचं. दुसऱ्या कुणी काढायची एकच वेळ असते. त्या घरचं कुणी आता येणार नाही असा निरोप आला तर. म्हणून त्यांनी विचारलं होतं, कुणी सांगावा आणला.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांचे हात धरले, काय काय बोलले मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, "तुमाला काय ठाव बाई. च्या घ्या, गार व्हतोय." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. ही चांदणी त्यांनी त्या वाकड्या बोटांनी, किती दिवस खपून केली होती, ते सुशीलानं मला नंतर सांगितलं.

मी ताबडतोब रफीकभाईला फोन लावला. नवी चांदणी करायची, तर पतंगी कागद पाहिजे, आणि तो शहराशिवाय कुठं मिळणार? निघताना सुशीलानं मला बाजूला घेतलं. कंपनीत कामाला जाणाऱ्या एकानं तिला कालच सांगितलं होतं की शेंद्र्याला पाण्याच्या टाकीपाशी एक बाई अगदी एस्तेरसारखी दिसली. "मार्थाबाईंना बोलले नाही. आशा लावायची आणि ती नसायची. तू जातेच आहेस, तर बघून ये."

सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत एका पतंगवाल्याकडं संक्रांतीचा उरलेला कागद मिळाला, लाल आणि पांढरा. कामट्याही त्यानंच दिल्या. मग क्रांती चौकाच्या सिग्नलला उन्हात शिजत थांबलो, तेव्हा मी रफीकभाईला सकाळचा पराक्रम सांगितला. तो आरशातून माझ्याकडं बघत म्हणाला, "या अल्लाह, खाला! जला दिया?" आणि हसू दाबायचा त्याचा प्रयत्न काही जमला नाही. मला रडू येत होतं, पण मीही हसले. माणूस असं का करतं, देव जाणे.

शेंद्र्याला एका अंगाला कंपन्यांच्या उंच शेड आणि दुसऱ्या अंगाला कपाशीची मोकळी रानं. त्यांच्या मधे पत्र्याच्या खोल्यांची रांग. टाकीपाशी पाणी भरणाऱ्या एका बाईला मी विचारलं, "इथं ऊसतोडीहून आलेला कुणी शमुवेल राहतो का?"

तिच्या हातातली नळी खाली पडली. "तुमी कोन?"

हीच एस्तेर. तिनं मला खोलीत नेलं. पत्रा असा तापला होता की दारातच चक्कर यावी. कोपऱ्यात एक तिशीचा माणूस भिंतीला टेकून बसला होता, मांडीवर चार-पाच वर्षांची पोर झोपलेली. उजवा हात गमज्यात गुंडाळलेला. मी कोण ते सांगितलं. तो मान वर करेना.

"दाखव हात," मी म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, आवाज आपोआप तसा निघतो. त्यानं मुकाट्यानं गमजा सोडला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून गेलेली. जखम मात्र भरत आली होती, स्वच्छ होती.

"कोयता निसटला," तो म्हणाला. "आता या हातानं ना ऊस तुटायचा, ना नांगर धरायचा. इथं वॉचमनचं काम मिळालंय. फोन मीच बंद ठेवला, टोळीतल्यांना बी शपथ घातली, घरी कळवू नका. मायला काय सांगू? म्हातारी लई भाबडी हाय. म्हनती, देव धाडलाय तुझ्यासंगं. कुठला देव वं मावशी? देव फडापर्यंत (उसाच्या रानापर्यंत) येत न्हाई. तो तिकडंच ऱ्हातो, गावात."

मी त्याच्या गमज्याची घडी घालू लागले. बोलली ती एस्तेर, दारातून.

"व्हता की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता. "रगत वाहत व्हतं तवा ट्रॅक्टरवाला हातातलं काम टाकून धावला. अनोळखी मानूस, रातभर दवाखान्यात बसला. टोळीतल्या बायांनी पोरीला आपल्या लेकरांसंगं जेवाय घातलं. तुमी जिते हाय, माझ्या म्होरं बसलाय. देव आनी कसा यायचा? घोड्यावर बसून?"

तो पोरीच्या केसांतून डावा हात फिरवत राहिला. मग खाली बघतच त्यानं मला विचारलं, "आमची चांदनी हाय का वं दारावर? का काढली मायनं?"

माझ्या पिशवीतून पतंगी कागदाची गुंडाळी वर डोकावत होती. खोटं बोलणं किती सोपं होतं! आहे, म्हणायचं आणि रात्रीतून नवी लावायची. पण माझ्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "होती. आज सकाळपर्यंत होती. कागद फाटला होता, रंग गेला होता, पण होती. मी जाळली बाबा. चहा करायला."

एस्तेरनं पदर तोंडात कोंबला.

"मला माहीत नव्हती रे तुमच्यातली रीत. तुझ्या आईनं आठवडेच्या आठवडे खपून केली होती आणि मी..."

"मायनं बगितलं?" त्यानं मला मधेच तोडलं. "बिनचांदनीचं दार बगितलं मायनं?"

"बघितलं."

"आरं देवा," तो म्हणाला. "म्हातारीला वाटत आसंल, आमी मेलो." आणि तो उठला. पोरीला खांद्यावर टाकली, डाव्या हातानं चपला शोधायला लागला. एस्तेर म्हणाली, अवं, कपडे तरी बदला. पण तो बाहेर रिक्षापाशी पोचलासुद्धा. रफीकभाई "बैठो बैठो, सब बैठो," म्हणाला आणि असा निघाला की सगळ्या खड्ड्यांची ओळख माझ्या कमरेला झाली. वाटेत पोर जागी झाली आणि सारखी विचारत होती, आज्जीकडं आंबे हायत का? मी कागदाची गुंडाळी छातीशी धरून बसले होते. वाऱ्यानं उडायला नको म्हणून.

ऊन कलतीला लागलं होतं तेव्हा गल्लीत शिरलो. रिक्षाच्या आवाजानं बाया दारांत आल्या आणि कुणीतरी ओरडलं, "शमुवेल आला वं!" तो कुणाकडं न बघता आपल्या दारापाशी गेला आणि थबकला.

खिळा रिकामा नव्हता. त्याच्यावर मार्थाबाईंची पिठाची चाळणी लटकत होती. मावळतीचं ऊन तिच्या जाळीतून जात होतं आणि बंद दारावर उजेडाचे बारीक बारीक ठिपके पडले होते. घरात जे होतं ते म्हातारीनं लावलं होतं. सांगावा आलेला नाही, तर खिळा रिकामा ठेवायचा नाही, एवढंच तिनं धरलं असणार.

मार्थाबाई समोरच्या ओट्यावर उभ्या होत्या. त्या धावल्या नाहीत. शमुवेलनं उजवा हात वर केला, सगळ्या गल्लीसमोर, तो गमजा नसलेला हात, आणि उरलेल्या बोटांनी चाळणी खिळ्यावरून काढली. मार्थाबाईंनी तो हात बघितला. आम्ही सगळ्यांनीच बघितला.

"आन ती हिकडं," मार्थाबाई म्हणाल्या. "उद्या सन हाय. पीठ चाळायचंय."

मग मात्र त्यांचा बांध फुटला. नातीला पोटाशी धरून त्या तिथंच ओट्यावर बसल्या आणि शमुवेल त्यांच्या पायाशी. त्या त्याची नसलेली बोटं कुरवाळत होत्या. सुशीला रडत होती, मी रडत होते आणि रफीकभाई उगाचच रिक्षाची काच पुसत होता.

रविवारी नाताळ झाला. देवळात (ही मंडळी प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात) घामाच्या धारा लागल्या होत्या, पंखा एकच आणि तोही पाळकसाहेबांकडं वळवलेला. पण ढोलकी आणि टाळ घेऊन सगळ्यांनी जे भजन धरलं, त्यानं पत्रे हादरले. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का (देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायची रीत आहे). शमुवेल उठला. "गेलतो. आलो," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. दुपारी आमरस आणि पुऱ्या. नाताळाला आमरस मी जन्मात पहिल्यांदा खाल्ला. रफीकभाईला आम्ही आग्रहानं ठेवून घेतलं होतं, त्यानं माझ्यापेक्षा जास्त पुऱ्या खाल्ल्या आणि वर मलाच म्हणाला, "खाला, अगले साल भी कुछ जलाने आ जाओ."

निघताना मी मार्थाबाईंची पुन्हा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आवं, तुमी जाळली म्हून तर आला." मी एसटीत बसल्यावर यावर पुष्कळ विचार केला. देवाला माझा आगाऊपणासुद्धा कामी लावता येतो, हे मला पचायला वैजापूर यावं लागलं.

घरी आले तर पिशवीत कागदाची गुंडाळी आणि कामट्या तशाच होत्या. चांदणी करायची वेळच कुठं आली होती? दोन दिवस खपून मी ती केली. वाकडीच झाली. एक टोक तर मला शेवटपर्यंत साधलं नाही. लेकाच्या बंद खोलीच्या दारावर खिळा ठोकत होते तेव्हा आवाज ऐकून खालच्या वहिनी वर आल्या. "अहो, हे काय? मे महिन्यात?"

"आमच्याकडं नाताळ घरचं माणूस आल्यावर असतो," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी दाराशी उभी राहिले. तीन वर्षं मी देवाकडं नुसती तक्रार करत होते, की माझ्या मुलाला सुट्टी दे, त्याला परत आण. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याला म्हटलं, तू राहा मस्कतला त्याच्याजवळ. मी इथं बघते.